योजना मोडल्यावर ‘देवाची वेळ’ मानायची म्हणजे नेमके काय करायचे?

नीलरेघ

ठरवलेली गोष्ट मोडली की श्रद्धावान माणसे एकमेकांना ‘देवाच्या वेळेवर विश्वास ठेवा’ असे सांगतात. मी स्वतः श्रद्धावान आहे, माझी रोजची प्रार्थना सहसा चुकत नाही, आणि तरीही हे वाक्य कानावर पडल्यानंतर नेमके काय करायचे असते, हे मला उमगत नाही. म्हणून हा धागा काढते आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. मला परदेशातील एका विद्यापीठात पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला होता आणि शिष्यवृत्तीही मंजूर झाली होती. निघण्याच्या तयारीत असतानाच वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांची उजवी बाजू अधू झाली आणि बोलण्यावरही परिणाम झाला. चष्मा हवा असला की ते ‘किल्ली’ मागतात. आपण भलताच शब्द बोललो हे त्यांचे त्यांनाच लगेच कळते, आणि मग ते चिडून भिंतीकडे तोंड फिरवतात. विद्यापीठाने माझा प्रवेश एकदा पुढे ढकलला, दुसऱ्यांदा ढकलण्याची सोय नियमांत नव्हती. घरात आई आहे, पण हे सगळे तिला एकटीला झेपणारे नाही.

भेटायला येणारी माणसे सांगतात, की देवाच्या मनात याहून चांगले काहीतरी असेल. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. परंतु वडिलांचा आजार ही माझ्या भल्यासाठी आखलेली योजना होती, असे मानायला मन धजत नाही; दुसऱ्याच्या मेंदूतील रक्तवाहिनी बंद करून माझे भले साधणारा देव मला ओळखीचा वाटत नाही. उलट, यात देवाचा काहीच संबंध नाही असे म्हटले, तर मी रोज कोणाशी बोलते हा प्रश्न उरतो. शिवाय एक व्यावहारिक अडचण आहे. वाट पाहायची तर किती काळ, आणि तोवर पुन्हा अर्ज करणे हा अविश्वास ठरतो का? जाणकारांनी लिहावे. केवळ धीर देणारी वाक्ये मात्र आता पुरेशी ऐकून झाली आहेत.

वाटाड्या

वडिलांना लवकर आराम पडो. माझा अनुभव असा, की हातची एक नोकरी गेली तेव्हा मी फार खचलो होतो, पण त्यामुळेच पुढे मला मनासारखे काम मिळाले. मागे वळून पाहिले की सगळे धागे जुळलेले दिसतात. आपल्यालाही एक दिवस हे दिसेल, याची मला खात्री आहे.

निरुत्तर

वाटाड्या, आपल्या बाबतीत चांगले झाले याचा आनंद आहे, पण ही खात्री आपण दुसऱ्याला कशी देऊ शकता? ज्यांचे पुढे चांगले झाले तेच आपली कथा सांगायला उभे राहतात. ज्यांची नोकरी गेली आणि पुढे काहीच मिळाले नाही, ते अशा धाग्यांवर लिहायला येत नाहीत.

आता कोणीतरी बायबलमधील योसेफाचे उदाहरण देईलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. सतराव्या वर्षी भावांनी विकलेला मुलगा तिसाव्या वर्षी मिसरच्या (इजिप्तच्या) राजासमोर, म्हणजे फारोसमोर, उभा राहतो आणि त्या देशाचा कारभारी होतो, ही कथा मीही वाचली आहे. मधल्या काळात तो ज्या तुरुंगात होता, तेथे त्याच्याबरोबर राजाचा एक आचारीही होता. त्यालाही स्वप्न पडले होते, त्याच्याही स्वप्नाचा अर्थ योसेफानेच सांगितला होता, आणि तीन दिवसांनी त्याला फासावर देण्यात आले. आचाऱ्याच्या घरच्यांना ‘देवाच्या वेळेवर विश्वास ठेवा’ असे सांगायला कोण गेले असेल? मी देव मानत नाही, पण मानणाऱ्यांची टिंगल करण्यासाठी हे विचारत नाही. उत्तर असेल तर मला खरोखरच ऐकायचे आहे.

ओलावा

निरुत्तर यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देण्याचे कारण नाही. मी ख्रिस्ती कुटुंबात वाढले आहे आणि योसेफाची कथा लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे, की तिच्यातील एक तपशील माझ्या लक्षात फार उशिरा आला. त्याच तुरुंगातला राजाचा प्यालेबरदार (राजाला मद्य देणारा सेवक) सुटणार हे कळल्यावर योसेफ त्याला स्पष्ट सांगतो, की माझी आठवण ठेव, फारोच्या कानावर माझी गोष्ट घाल आणि मला येथून बाहेर काढ. देव आपल्यासोबत आहे असे मानणारा हा माणूस वशिला लावायला कचरत नाही. प्यालेबरदार त्याला विसरतो आणि आणखी दोन वर्षे निघून जातात. पण ग्रंथात कोठेही असे म्हटलेले नाही, की योसेफाने प्रयत्न केला म्हणून त्याचा विश्वास कमी पडला. नीलरेघ, पुन्हा अर्ज करणे हा अविश्वास ठरतो का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते येथेच आहे.

दुसरे म्हणजे, ‘तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले’ हे प्रसिद्ध उद्गार योसेफ स्वतःच्या आयुष्याविषयी काढतो, तेही वडील वारल्यानंतर, भावांना अभय देताना. भावांनी खड्ड्यात टाकलेल्या योसेफाला वरून वाकून कोणी हे ऐकवलेले नाही. ज्याने सोसले त्याने, सोसून झाल्यावर, वाटले तर म्हणावे असे ते वाक्य आहे. भेटायला येणाऱ्यांनी ते तुमच्या वतीने आगाऊ म्हणून टाकणे मला पटत नाही. बायबलमध्ये ईयोब नावाच्या सज्जन माणसावर संकटे कोसळतात; त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडून त्यांनी त्याच्या दुःखाची कारणमीमांसा सुरू केली आणि शेवटी देवाच्या रागाला पात्र ठरले.

मात्र या विषयावर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यिर्मया संदेष्टा. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत’ अशा आशयाचे त्याचे वचन भिंतीवरच्या तसबिरींत आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांत सर्रास आढळते. ते वचन यरुशलेमेहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या अगदी आधीच्या ओळीत सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. सत्तर वर्षे! म्हणजे ते पत्र ज्यांच्या हाती पडले, त्यांतील बहुतेक प्रौढ माणसे परत जाणार नव्हती आणि पत्र लिहिणाऱ्याला हे ठाऊक होते. म्हणूनच पत्राचा आरंभ आश्वासनाने होत नाही. घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे त्यात लिहिले आहे. ज्या गावी जायचे नव्हते, तेथेच मळा लावायला तो सांगतो.

याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा येतो. बाबेलची सत्ता सोसावी लागणार याची खूण म्हणून यिर्मया गळ्यात लाकडी जू अडकवून फिरत असे; हनन्याने सर्वांदेखत ते जू काढून मोडले आणि दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे देवाच्या नावाने जाहीर केले. लोकांना हनन्याच आवडला असणार, मलाही आवडला असता. पण शास्त्राने खोटे ठरवले ते हनन्याला. ‘लवकरच सगळे ठीक होईल’ असे देवाच्या नावाने सांगणारी माणसे किती जुन्या परंपरेतली आहेत, ते यावरून ध्यानात यावे.

निरुत्तर, आपल्या आचाऱ्याविषयी: त्याच्या घरच्यांना सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. मी त्यांच्याकडे गेले असते, तर ईयोबाच्या मित्रांच्या पहिल्या सात दिवसांसारखी बसून राहिले असते.

टाळकरी

ओलावा यांचा प्रतिसाद फार आवडला. आमच्याकडे यिर्मयाच्या त्या वचनाची जी गत झाली, तीच तुकोबांच्या ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ या ओळीची झाली आहे. कोणी धडपड करू लागला की त्याला गप्प करण्यासाठी ती ऐकवली जाते. ऐकवणारे दोन गोष्टी विसरतात. पहिली अशी, की ही ओळ लिहिणाऱ्याने 1630च्या सुमाराचा भीषण दुष्काळ पाहिला होता. त्यात व्यापार बुडाला, मान गेला आणि एक पत्नी अन्न अन्न करीत मेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात नोंदवून ठेवले आहे. त्या मृत्यूला त्यांनी ‘देवाची सुंदर योजना’ म्हटले नाही. दुसरी गोष्ट अशी, की ‘असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास’ असे म्हणणारेही तुकोबाच आहेत. एकाच माणसाच्या मुखातून आलेल्या या दोन वचनांपैकी सोयीचे तेवढे उचलायचे, हा प्रकार बरा नव्हे.

माझ्यापुरती मी त्यांची सांगड अशी घालतो. समाधान चित्तात असू द्यावे असे ते म्हणतात, हात बांधून ठेवावेत असे म्हणत नाहीत. गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान (कर्माची जागा), कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा (म्हणजे प्रयत्न) आणि पाचवे दैव. दैव त्या यादीत आहे, ते नाकारलेले नाही. पण पाचांपैकी ते एक आहे. योजना फसली की आपण सगळा दोष स्वतःला तरी देतो किंवा सगळा भार दैवावर तरी टाकतो. दोन्हीकडे उरलेली चार कारणे मोजायची राहून जातात. नीलरेघ ताई, आपल्या बाबतीत इच्छा मेली नाही आणि क्षमताही गेली नाही. बदलली आहे ती जागा आणि साधने, आणि त्यांचा विचार करणे हे काही देवाच्या कामात लुडबुड करणे नव्हे.

फिजिओ

धर्मग्रंथांचा माझा अभ्यास नाही, पण पक्षाघाताचे रुग्ण रोजच्या कामाचा भाग असल्याने एवढे सांगावेसे वाटते, की ‘देवाची वेळ येईल तेव्हा होईल’ हे वाक्य या आजारात कधीकधी थेट नुकसान करते. झटक्यानंतर हालचालींतील सुधारणा सामान्यतः पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. पुढेही ती होत राहते, पण वेग मंदावतो. त्या सुरुवातीच्या काळात घरातल्यांनी नशिबावर हवाला ठेवून व्यायाम ढिले सोडले, तर गमावलेली संधी तशीच परत मिळत नाही. शब्द न सापडण्याच्या अडचणीसाठी वाणीतज्ज्ञांचे उपचार असतात, तेही सुरू नसतील तर सुरू करावेत. आणि वडील चिडतात तेव्हा शब्द लगेच पुरवू नका. त्यांना थोडा वेळ द्या, खुणेने किंवा चित्राने सुचवा. त्यांच्या बुद्धीवर परिणाम झाला आहे असे समजून त्यांच्याशी लहान मुलासारखे बोलणे मात्र त्यांना सर्वांत जास्त लागते.

पानगळ

‘मागे वळून पाहिले की धागे जुळलेले दिसतात’ या वाटाड्या यांच्या विधानावर पंडिता रमाबाईंचे उदाहरण आठवले. 1882 साली वैधव्य आल्यानंतर त्या पुढच्याच वर्षी लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, त्या वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इराद्याने. ऐकू कमी येऊ लागल्याने तो मार्ग बंद झाला. रमाबाई शिक्षणक्षेत्राकडे वळल्या, पुढे अमेरिकेत गेल्या, आणि 1889 मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. येथपर्यंत वाचले तर धागे इतके नेटके जुळतात, की बहिरेपण ही ईश्वरी योजनाच होती असे म्हणण्याचा मोह होतो.

पण चरित्र तेथे संपत नाही. त्यांचे कार्य त्यांच्या खांद्याला खांदा लावून चालवणारी, पुढे ते सांभाळेल अशी एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, आणि रमाबाई स्वतः 1922 मध्ये गेल्या. मनोरमेचा मृत्यू कोणत्या धाग्याशी जुळवायचा? मला तो जुळवता येत नाही, आणि रमाबाईंच्या श्रद्धेचा मान राखायचा तर तो ओढूनताणून जुळवू नये असेच वाटते. ज्या श्रद्धेला प्रत्येक घटनेचा हिशेब लागतो, ती पहिल्या न लागणाऱ्या हिशेबापाशी कोलमडते.

निरुत्तर

ओलावा आणि पानगळ, आभार. हिशेब लागत नाही असे श्रद्धावानांनीच मान्य केल्यावर माझा अर्धा आक्षेप गळून पडतो. उरलेला अर्धा असा: हिशेब लागणार नसेल, वचनाची पूर्ती आपल्या हयातीत होईलच असे नसेल, आणि प्रयत्नही आपले आपल्यालाच करायचे असतील, तर ‘देवाच्या वेळेवर विश्वास’ या शब्दांत शिल्लक काय राहते? नास्तिक माणूसही वडिलांची सेवा करील, पुन्हा अर्ज करील आणि जमेल तेवढे समाधान मानील.

ओलावा

बाहेरून पाहणाऱ्याला कदाचित काहीच फरक दिसणार नाही, हे मी मान्य करते. माझ्यापुरता फरक सांगते. योजना मोडल्यावर मला दोन गोष्टी पोखरतात. एक म्हणजे, आता माझ्या आयुष्याला काही अर्थ उरला नाही ही भीती. दुसरी म्हणजे, इतरांपेक्षा मी मागे पडले ही घाई. देवाच्या हाती वेळ आहे असे मानल्यामुळे मला घटनेचे कारण कळत नाही, पण ही घाई सुटते. वडिलांच्या उशाशी बसलेला काळ हा ‘खऱ्या’ आयुष्याच्या आड आलेला अडथळा राहत नाही. तोही मोजला जाणारा काळ होतो. हे नास्तिकाला साधणारच नाही असा माझा दावा नाही. मला मात्र ते प्रार्थनेशिवाय साधलेले नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवते. बायबलमधील याकोबाच्या पत्रात व्यापाराचे बेत आखणाऱ्यांना सांगितले आहे, की ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असे म्हणून बेत करा. कुराणातही अठराव्या सूऱ्यात (अध्यायात), ‘मी हे उद्या करीन’ असे म्हणताना ‘अल्लाहची इच्छा असेल तर’ असे जोडल्याशिवाय म्हणू नये, असा आदेश आहे. दोन्ही ठिकाणी हे शब्द बेत आखतानाच उच्चारायचे आहेत, ज्याचा बेत आहे त्यानेच आणि तेही नम्रपणे. बेत मोडल्यावर दुसऱ्याने ते सांत्वन म्हणून येऊन म्हणावेत, अशी त्यांची योजना नाही. आपण मात्र बेत आखताना ते विसरतो आणि मोडल्यावर शेजाऱ्याला ऐकवतो.

दूरचा दिवा

‘किती काळ वाट पाहायची’ हा नीलरेघ यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे, म्हणून जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचे उदाहरण देतो. हा मूळचा सरदारी पेशाचा माणूस. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि ती कारकीर्द संपली. पुढे धर्मकार्याकडे वळल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहा सोबत्यांनी 1534 मध्ये पॅरिस येथे शपथ घेतली, की यरुशलेमेला जाऊन तेथेच सेवा करायची. मला महत्त्वाचे वाटते ते त्या शपथेतील पुढचे कलम: व्हेनिसला जाऊन जहाजासाठी एक वर्ष वाट पाहायची, तेवढ्यात जाता आले नाही तर रोमला जाऊन पोप सांगतील ते काम पत्करायचे. ते व्हेनिसला पोहोचले आणि नेमके त्या काळात तुर्कांशी युद्ध भडकल्याने यात्रेकरूंचे जहाज सुटलेच नाही. वर्ष सरले, ते रोमला गेले, आणि 1540 मध्ये त्यांच्या संघाला मान्यता मिळाली.

मुदत त्यांनी जहाज चुकल्यावर ठरवली नाही, आधीच ठरवून ठेवली होती. त्यामुळे वाट पाहण्याच्या काळात रोज सकाळी ‘आज सोडून द्यावे का’ या प्रश्नाशी झुंजावे लागले नाही. तो काळ त्यांनी रुग्णसेवेत आणि उपदेशात घालवला. देवाच्या वेळेवर भरवसा ठेवणाऱ्यांनी स्वतः एक तारीख ठरवण्यात काही विसंगती आहे असे त्यांना वाटले नाही. ती तारीख देवावर लादलेली अट नव्हती. आपण कधी थांबायचे आणि कधी वाट बदलायची, याचा तो आपापसांतील करार होता. याच इग्नेशियस यांचा आणखी एक नियम उपयोगी पडेल: मन उदास आणि कोरडे पडले असताना, आधी शांत मनाने घेतलेला निर्णय बदलू नये. वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवले, त्या संध्याकाळी पीएच.डी.चे काय करायचे हे ठरवू नका.

वाटाड्या

माझा पहिला प्रतिसाद या चर्चेनंतर मलाच उथळ वाटतो आहे, पण काढून टाकत नाही, म्हणजे पुढचे प्रतिसाद कशाला उत्तर म्हणून आले ते वाचणाऱ्याला कळेल.

नीलरेघ

सर्वांचे मनापासून आभार. आईशी आणि भावाशी बोलून आम्ही एक मुदत ठरवली आहे. तोवर मी घरीच राहणार आणि वडिलांचे व्यायाम व वाणीउपचार यांना पहिला मान देणार. मुदतीनंतर घरची व्यवस्था कशी करायची याची जबाबदारी भावाने घेतली आहे. दरम्यान ज्यांच्या हाताखाली काम करणार होते त्या प्राध्यापकांना ईमेल पाठवून विचारले आहे, की संशोधनातील वाचनाचा आणि जुन्या नोंदी तपासण्याचा भाग येथून करता येईल का. उत्तर अजून आलेले नाही. ओलावा यांनी सांगितलेला मळा मला याहून दुसऱ्या रीतीने लावता येईल असे सध्या दिसत नाही.

झटका देवाने दिला की नाही, या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले नाही. ते मिळाल्याशिवायही प्रार्थना करता येते, एवढे मात्र पानगळ आणि निरुत्तर यांच्या संवादातून लक्षात आले. निरुत्तर, आपण मुद्दा रेटून धरला नसता तर ही चर्चा दोन प्रतिसादांत आटोपली असती.

फिजिओ, एक विचारायचे राहिले. वडिलांना आता डाव्या हाताने लिहायची घाई झाली आहे. उजवा हात सुधारण्याची वाट पाहावी, की डाव्याचा सराव सुरू करू द्यावा?

फिजिओ

त्यांना लिहावेसे वाटते हेच उत्तम लक्षण आहे, त्यामुळे डाव्या हाताचा सराव अवश्य सुरू करू द्या. फक्त त्यामुळे उजवा हात मांडीवर पडून राहणार नाही एवढे पाहा, कारण चांगल्या हातानेच सगळे भागू लागले की अधू हात वापरायची सवयच सुटते आणि मग जेवढी ताकद परत आलेली असते तीही वाया जाते. लिहिताना उजव्या हाताने कागद दाबून धरायला लावा. किती वेळ आणि किती जोर, हे त्यांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या थेरपिस्टना विचारून ठरवा.